२७ आठवड्यांचं बाळ आणि बेराच्या तीन चकरा

आमचं बाळ २७ आठवड्यांतच जन्मलं. डोळ्यांची आरओपी (अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या डोळ्यातल्या पडद्याचा आजार) तपासणी, लसी, वजन हे सगळं बिनबोभाट पार पडलं. घोडं अडलं ते कानापाशी.

डिस्चार्जच्या कागदावर ‘ओएई पास’ असं लिहिलेलं. ओएई म्हणजे कानाची पहिली, झटपट चाचणी. आम्हाला हवी होती बेरा, म्हणजे डोक्याला इलेक्ट्रोड लावून ऐकण्याची नस तपासणारी चाचणी. खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, "झालीच आहे की तपासणी, आता काहून पाहिजे?" पाहिजे यासाठी, की ओएईत आतल्या कानाचा प्रतिसाद कळतो, पण आवाज मेंदूकडे नेणारी नस काम करते का हे कळत नाही. एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षात) राहिलेल्या, विशेषतः कावीळ फार वाढलेल्या बाळात दुखावते ती हीच नस. म्हणून ओएई पास असली तरी बेरा करायचीच. ऐकू येत नसेल तर तीन महिन्यांत निदान आणि सहा महिन्यांत उपचार सुरू, असा नेम आहे. आम्हाला तारीख मिळाली दीड महिन्यानंतरची!

पहिल्या चकरेत डोक्याला तेल. सकाळची मालीश आजींनी चुकवली नव्हती, त्यामुळे इलेक्ट्रोड चिकटेनात. दुसऱ्यांदा बाळ सीताबर्डीहून येताना ऑटोतच झोपलं आणि खोलीत पोचताच टक्क जागं. तपासणी गाढ झोपेतच होते. बाळ हललं की स्नायूंचे सिग्नल मिसळतात. मे महिना, खोलीत कूलरची घरघर, तीही आड येते. तारीख देताना या सूचना कागदावर छापून द्यायला काय जातं, हे मला अजून कळलेलं नाही.

तर आदल्या रात्री केस शाम्पूने धुवा, तेल-काजळ नको. वाटेत जागं ठेवा, पोचल्यावर दूध पाजा. झोपेचं औषध देणार असतील तर मात्र किती वेळ उपाशी ठेवायचं ते आधी विचारा, आणि बाळाचा श्वास पूर्वी मधेच थांबत असेल, तर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी ते सांगा. सर्दी असेल तर तारीख बदला. कानात पाणी साचलं की निकाल फसवा येतो.

तिसऱ्यांदा वीस मिनिटांत काम झालं. नस ठीक निघाली.

फॉर्मवर वय लिहिताना दोन्ही वयं लिहा, जन्मतारखेचं आणि लवकर जन्मलेले आठवडे वजा केलेलं. पूर्ण दिवसांच्या ४० आठवड्यांतून २७ गेले, म्हणजे १३ आठवडे, साधारण तीन महिने वजा. नऊ महिन्यांच्या बाळाकडून सहा महिन्यांच्या हालचालींची अपेक्षा. हा हिशेब दोन वर्षांपर्यंतच, आणि लसींना तो लावायचा नाही, त्या जन्मतारखेनेच. एक वर्षाआधीच बाळ सगळं एकाच हाताने करत असेल तर ते कौतुकाचं नाही, दुसरा हात डॉक्टरांना दाखवून घ्या.

दोन वर्षांची तपासणी चांगली निघाली म्हणून फाइल बंद करू नका. लक्ष न लागणं, गणितात अडखळणं, अक्षर न जमणं हे शाळेतच दिसतं. चष्म्याचीही शक्यता जास्त, म्हणून आरओपी निवळला तरी डोळे तपासत राहा.

आणि हो, डिस्चार्ज समरीच्या चार झेरॉक्स काढून ठेवा. प्रत्येक खिडकी एक ठेवून घेते.