दाण्यातलं पिल्लू

परभणी जिल्ह्यातल्या एका दोनशिक्षकी शाळेत मी पहिली-दुसरीला शिकवते. 'बी ते झाड' हा पाठ दरवर्षी ठरलेला. वाटीत ओला कापूस, त्यावर मूग, दोन दिवसांत मोड, मग भिंतीवरच्या गोल तक्त्यावर बोट फिरवायचं : बी, रोप, फूल, शेंग, पुन्हा बी. त्या वर्षी मृग कोरडाच चालला होता. पेरावं की थांबावं, हे घरचं बोलणं पोरं शाळेत घेऊन यायची. म्हटलं, मूग राहू दे. सोयाबीनच घेऊ आणि मोठी माणसं पेरणीआधी करतात ती उगवण चाचणी पोरांकडून करून घेऊ. शंभरापर्यंत मोजणंही होईल.

पहिलीतल्या एका पोरानं घरी राखलेलं बी डब्यात भरून आणलं. ओलं गोणपाट अंथरलं. दहा पोरं, दहा ओळी, ओळीत दहा दाणे. वरून दुसरं ओलं गोणपाट, सैल गुंडाळी आणि व्हरांड्यात सावलीला. पाणी कुणी शिंपडायचं यावरून रोज भांडणं.

थोडे दाणे वाटीत भिजत घातले होते. दुसऱ्या दिवशी ते पोरांच्या हातावर एकेक ठेवले. साल अलगद निघाली, दाणा दोन फोडींत उघडला. एका फोडीच्या कडेला पांढुरका, वाकून बसलेला कोंब होता आणि त्याच्या टोकाला एकमेकांना चिकटलेली दोन इवली पानं. पाऊस नाही, माती नाही, तरी पानं आधीच तयार! वर्ग श्वास धरून बघत होता. तेच पोरगं ओरडलं, "बाई, ह्याच्यात पिल्लू हाय!"

मी 'अंकुर' म्हणणार होते. नाही म्हटलं. पिल्लूच राहिलं.

सहाव्या दिवशी गुंडाळी उलगडली तर कुबट वास आला. पोरांनी बोटानं मोजलं, पुन्हा मोजलं. नीट मोड आलेले चोपन्न. बाकीचे फुगून बुळबुळीत झालेले, काहींवर बुरशी. आमच्या तक्त्यावर असं बी कुठंच नाही. तिथलं प्रत्येक बी उगवतं. शेतकऱ्याच्या पोराला मात्र दुबार पेरणी हा शब्द बाराखडीआधी ठाऊक असतो.

"हे कामून नाही उगवले?" दुसरीतल्या मुलीनं विचारलं. मी सांगितलं, सोयाबीनची साल पातळ, पिल्लू सालीला अगदी लागून बसलेलं. मळणी यंत्र जोरात फिरलं, पोती आदळली, थप्पी उंच लावली, की ते आतल्या आत मोडतं. वरून दाणा चांगलाच दिसतो.

मधल्या सुट्टीत त्या पोराच्या ताटातली खिचडी तशीच होती. जवळ बसले तेव्हा हळूच म्हणाला, "दिवाळीत मी थप्पीवर उड्या मारल्या, बाई. पिल्लं मीच मारली."

माझ्या पोटात कालवलं. माझंच बोलणं त्याला लागलं होतं. 'तसं काही नसतं रे' म्हणून हे मिटणारं नव्हतं, पोर विश्वास ठेवणार नव्हतं. डब्यात उरलेले कोरडे दाणे कागदावर ओतले आणि दोघं निवडत बसलो. बऱ्याच दाण्यांवर काळपट डाग, सालीला सुरकुत्या. गेल्या वर्षी ऐन काढणीत पाऊस झाला होता आणि सगळ्या गावाच्या शेंगा झाडावरच भिजल्या होत्या. ते त्याला आठवत होतं, त्या दिवसांत आई घरात फॅन लावून शेंगा वाळवायची. साल तडकलेलेही थोडे दाणे निघाले. तेही मी लपवले नाहीत, वेगळे मोजायला लावले. डागाळलेल्यांचा ढीग कितीतरी मोठा झाला. दोन्ही ढिगांकडे तो बराच वेळ बघत राहिला आणि मग ताटाकडे वळला.

संध्याकाळी ते गोणपाट घेऊन मी त्याच्या घरी गेले. वडिलांनी ओट्यावर उकिडवं बसून स्वतः मोजलं. सत्तरच्या वर उगवण असेल तर एकरी तीस किलो पुरतं, हे त्यांना माहीत होतंच. चोपन्न बघून ते म्हणाले, "बरं झालं बाई, पाऊस नव्हता. न्हाईतर हेच पेरलं असतं." भावकीत एकाकडे उन्हाळी सोयाबीन होतं. त्याची चाचणी पोरानं घरी केली आणि शाळेत येऊन दारातूनच आकडा सांगितला. ब्याऐंशी!

जुलैत पाऊस लागला, पेरण्या झाल्या. त्याच बियाची एक ओळ आम्ही शाळेमागं टोकली. पाचव्या दिवशी सकाळी माती ठिकठिकाणी तडकली होती आणि फटीतून मान वाकवून, दोन्ही फोडी डोक्यावर घेऊन रोपं वर येत होती. घंटा झाली, पोरं धावत मागं आली. तो आधीच ओळीच्या तोंडाशी दोन्ही हात पसरून उभा होता.

"पाय जपा रे, पिल्लं वर येऊ लालीत!"