शिडाचं जहाज आणि कस्टमचा कोड

आधी कामाचं सांगून टाकतो. परदेशातून लाकडी जहाजाचं किट मागवणार असाल, तर पैसे भरण्याआधी विकणाऱ्याला दोन गोष्टी विचारा: खोक्यावर '१४ वर्षांपुढील' असं छापलंय का, आणि बिलावर मालाचं वर्णन काय लिहिणार. बाकी सगळं निभतं. पट्टी वाकवायला गरम पाणी पुरतं, कस्टमला कशानं वाकवणार?

मी मागवलं ते 'बाउंटी'. कोळसा वाहण्यासाठी १७८४ साली इंग्लंडच्या हल बंदरात बांधलेलं हे जहाज १७८७ मध्ये आरमारानं विकत घेतलं आणि ताहितीहून नीरफणसाची रोपं आणायला पाठवलं. १७८९ मध्ये त्याच्यावर ते गाजलेलं बंड झालं. माप १:६०, म्हणजे साडेसत्तावीस मीटरचं जहाज टेबलावर जेमतेम ४६ सेंटिमीटर. पार्सल भारतात सुरळीत आलं. मग ट्रॅकिंगवर एक ओळ उमटली, 'कस्टमकडे अडकले आहे', आणि ती काही केल्या हलेना.

केवायसीसाठी आधारची प्रत पाठवली. वाटलं, झालं. तर कुरियरवाल्यांचा मेल: माल 'खेळणी' प्रकारात येतो, बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं, प्रमाणपत्र जोडा, नाहीतर पार्सल परत जाईल.

खेळणी! खोक्यात अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या अक्रोडाच्या पट्ट्या, टाचणीहून बारीक पितळी खिळे आणि मसुराएवढ्या लाकडी कप्प्या. प्रत्येक कप्पीला आरपार भोकं. मी स्वतः चष्म्यावर भिंग लावून बसतो, तिथं कुठलं पोर खेळणार?

नियमाबद्दल माझी तक्रार नाही. खेळण्यांवर बीआयएसचा आयएसआय मार्क १ जानेवारी २०२१ पासून सक्तीचा आहे आणि पोरांच्या तोंडात काय जातं ते बघायलाच हवं. पण तो आदेश १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी आहे. घोळ होतो तो कोडमुळे. कस्टमच्या यादीत ९५०३ या एकाच शीर्षकाखाली बाहुल्या, तीनचाकी सायकली, कोडी आणि 'लहान मापात केलेली मॉडेल्स' सगळी एकत्र कोंबलीत. शिवाय याच शीर्षकाची मूळ ड्युटी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाली. म्हणजे कोडचा प्रश्न ड्युटीचा, वयाचा प्रश्न मार्कचा. दोन वेगळ्या गोष्टी. फोनवर कुणी त्या वेगळ्या करायला तयार असेल तर शपथ.

"सर, कोड टॉयचा आहे."

"अहो मॅडम, पण खोक्यावर वय बघा ना."

"सर, सिस्टिमला वयाचा कॉलमच नाही."

दर वेळी नवा आवाज, नवा तिकीट नंबर, आणि मी पहिल्यापासून रामायण सांगायचं. तोवर गोदामाचं भाडं चालूच. एकानं तर सुचवलं, "सोडून द्या ना सर, दुसरं मागवा." जणू मी दहा रुपयांची फिरकी मागवली होती.

शेवटी फोन बंद केले आणि कागद सुरू केले. तोच उपाय लागू पडला. एक पानी पत्र: वस्तू वैयक्तिक वापरासाठी आहे, विक्रीसाठी नाही, प्रौढांसाठीचं जोडकामाचं किट आहे, १४ वर्षांखालील मुलांसाठी नाही. सोबत खोक्याच्या त्या बाजूचा विकणाऱ्यानं काढलेला फोटो, आतल्या सामानाची यादी, बिल आणि बँकेतून पैसे गेल्याची नोंद. शेवटची ओळ महत्त्वाची: 'हे पत्र कस्टम अधिकाऱ्यांसमोर ठेवावे आणि त्यांचा निर्णय लेखी कळवावा.' मग मात्र पार्सल सुटलं. ड्युटी भरली. आकडा घरी सांगितलेला नाही, इथंही सांगत नाही.

बांधणीबद्दल फार लिहीत नाही. कणा आणि आडव्या फळ्या लेझरनं कापून येतात, त्या काटकोनात बसल्या की निम्मं काम झालं. कोळशाचं जहाज असल्यानं बाउंटीचं पुढचं नाक बोजड, गोल. तिथं प्रत्येक पट्टी टोकाकडे निमुळती तासल्याशिवाय पट्ट्या एकमेकींवर चढतात. आणि हो, सोलापूरकरांनी कूलरच्या खोलीत पट्ट्या चिकटवू नयेत. ओलाव्यानं फुगतात, कूलर बंद झाला की मेच्या हवेत आकसतात आणि पोटाला फटी पडतात.

दोरखंडाच्या बाबतीत मात्र आपण सोलापूरकर नशीबवान. किटमधला दोरा मी सरळ बाजूला ठेवला. अशोक चौकाकडे ओळखीच्या एका माग चालवणाऱ्यानं सुती धाग्याची रिळं दिली, वर "पीळ कुठल्या अंगाचा पाहिजे?" असंही विचारलं. असा प्रश्न मला आजवर कुठल्या दुकानदारानं विचारला नव्हता. मेणबत्तीवरून धागा झर्रकन फिरवून लव जाळायची, मग मधमाशीच्या मेणातून ओढायचा. साठाव्या हिश्शाच्या दोरावर लव दिसली की जहाजाला केस फुटल्यासारखे वाटतात.

पुढचं जहाज नुसत्या आराखड्यावरून करणार आहे: 'त्रिंकोमाली'. वाडिया या जहाजं बांधणाऱ्या पारशी घराण्यानं मुंबईत बांधलेलं, १८१७ मध्ये पाण्यात उतरलेलं, आजही इंग्लंडात हार्टलपूलला आहे. मूळ जहाज सागाचं, पण या मापात सागाचे रेषे फार ढोबळ दिसतात. त्यापेक्षा हेदू बरा: पिवळसर, बारीक पोताचा. पूर्वी गिरण्यांच्या बॉबिनींना हेच लाकूड वापरत. वखारीत विचारून ठेवलंय.