आमदारांची सीट

आज एसटीत जागा मिळाली ती नेमकी खिडकीवर 'आमदार' असं रंगवलेल्या सीटवर. रंग निम्मा उडालेला, 'आ' तर जवळपास गेलेलाच. शेजारच्या आजोबांनी एकदा सीटकडे, एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "बसा साहेब, खरे काय येत नाहीत."

हसलो, पण मग गणपतराव देशमुख आठवले. सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याचे आमदार. 1962 साली पहिल्यांदा निवडून आले, 2014 साली अकराव्यांदा. मधे 1972 आणि 1995 ला पडलेही, पण पक्ष बदलला नाही, शेतकरी कामगार पक्षाचा, म्हणजे शेकापचा, लाल बावटा शेवटपर्यंत खांद्यावर. तेही अशा काळात, जेव्हा सकाळी कोण कुठल्या पक्षात आहे हे संध्याकाळी विचारावं लागतं! दोनदा मंत्री झाले, पण त्यांची ओळख मंत्री म्हणून कधी झालीच नाही. दुष्काळी पट्ट्याला पाणी द्या, हे एकच गाऱ्हाणं ते सभागृहात वर्षानुवर्षं मांडत राहिले. आणि प्रवास? पुष्कळदा याच लाल डब्यातून. 2021 च्या जुलैत गेले.

आजोबांना नाव सांगितलं. ते जरा सरळ होऊन बसले. "आबासाहेब होय! ते बसायचे बघा या सीटवर."

पुढच्या स्टॉपला एक बाई कडेवर पोर घेऊन चढल्या. मी उठलो. सीट परत भरली.