मोटरहोमच्या बाथरूमची कुजलेली जमीन: माझा अनुभव

बाथरूमची जमीन पायाखाली दबायला लागली असेल, तर नुसतं वरचं विनाइल बदलून भागत नाही, हे आधीच सांगते. आमची गाडी म्हणजे जुन्या ट्रॅव्हलर व्हॅनवर बांधून घेतलेलं चालतंफिरतं घर. पावसाळ्यात भंडारदऱ्याहून नाशिकला परत आलो की आत कुबट वास यायचा. फिनेलने तो जाईना. शेवटी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने जमीन ठोकत गेले. चांगला प्लाय टणक वाजतो. आमच्याकडे उंबऱ्यापासून शॉवरच्या ट्रेपर्यंत सगळा बद्द आवाज. विनाइलचा कोपरा उचलला, तर खालचा प्लाय चहात बुडवलेल्या टोस्टासारखा बोटाने निघत होता.

पहिला सुतार म्हणाला, "ताई, वरून ॲल्युमिनियमचा पत्रा मारून देतो, उद्या गाडी न्या." मला ते पटलं नाही. ओल आत कोंडून वर पत्रा मारला, तर कुजणं थांबणार कसं? मग अंबड एमआयडीसीत फायबरचं काम करणाऱ्या एका मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी ट्रे उचलायला लावला आणि बॅटरी घेऊन वाकून बघितलं. "हे बघा, कडा काळ्या पडल्यात, मधला प्लाय अजून पिवळा आहे. पाणी कडेनं शिरलंय." ट्रेच्या खाली वेस्ट कपलिंगचं, म्हणजे सांडपाण्याचा पाइप ट्रेला जोडणाऱ्या भागाचं, सिलिकॉन फाटलं होतं. गाडी खड्ड्यांतून जाताना बॉडी पिळवटते, ट्रे मात्र कडकच राहतो. ताण येतो तो नेमका या सांध्यावर. ज्यांनी गाडी बांधून दिली, त्यांनी साधा कमर्शियल प्लाय वापरला होता, तोही कापलेल्या कडा तशाच उघड्या ठेवून. आणि प्लाय पाणी पितो तो कडेनेच.

कुजकं संपून टणक लाकूड लागेपर्यंत कापत गेलो. खालून वायरी आणि पाण्याचा पाइप जातो, म्हणून गाडीच्या बॅटरीची केबल काढली आणि करवतीचं पातं प्लायच्या जाडीइतकंच, 12 मिलिमीटरवर लावलं. खालच्या पत्र्याला गंज होता. तारेच्या ब्रशने घासून त्यावर इपॉक्सीचा (घट्ट होणाऱ्या राळेचा) प्रायमर मारला.

सगळ्यात जास्त वेळ गेला वाळवण्यात. बाहेर पावसाची रिपरिप, हवाच दमट. पंखा आणि हॅलोजन लावून ठेवले होते. मिस्त्रींना पुढचं काम उरकायचं होतं, पण ओल मोजायच्या मीटरवर आजूबाजूच्या जुन्या प्लायचा आकडा 15 टक्क्यांखाली येईपर्यंत मी हात लावू दिला नाही. यात घाई केली की बाकी सगळ्या खर्चावर पाणी.

नवा प्लाय घेताना त्यावर आयएस 710 या भारतीय मानकाचा शिक्का बघून घेतला. हा मरीन प्लाय. याचा डिंक 72 तास उकळत्या पाण्यात टिकतो का, हे तपासतात. पण डिंक टिकला तरी सतत ओलं राहिलेलं लाकूड कुजतंच. म्हणून दोन्ही बाजू, सगळ्या कडा आणि स्क्रूची भोकंसुद्धा इपॉक्सीने भरून घेतली. स्क्रू स्टेनलेसचे. भिंतीपाशी 3 मिलिमीटर फट सोडून त्यात पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट भरलं, कारण ते बॉडीबरोबर ताणलं जातं. त्यावर फायबरची, म्हणजे काचेच्या तंतूंची, मॅट भिंतीवर चार इंच चढवून घेतली. आता जमीन आणि भिंतीची कड मिळून एकसंध तसराळंच झालंय.

ट्रेमध्ये पाणी तुंबवून रात्रभर ठेवलं, कपलिंगभोवती टिश्यू पेपर गुंडाळला. सकाळी तो कोरडा होता. पण उभ्या गाडीतली परीक्षा माझ्या मते अर्धीच. टाकी भरून कसारा घाट उतरून परत वर आलो, पुन्हा पाणी तुंबवलं, तेव्हाही टिश्यू कोरडाच. ट्रेच्या बाजूला हात जाईल एवढं झाकण मी मुद्दाम ठेवून घेतलंय. प्रत्येक प्रवासानंतर ते उघडून कपलिंगखाली बोट फिरवते, मगच गाडी कव्हरखाली जाते.