दुधात शिजवलेला मासा

स्कॉटलंडला जायचे ठरले तेव्हा आईने एकच अट घातली होती, ती म्हणजे ताटात काय वाढले आहे हे तिला पहिल्या घासाआधी सांगायचे. तिचे बालपण वेंगुर्ल्यात गेलेले असल्यामुळे मासे हा तिचा जीव की प्राण आहे, गोमांस मात्र तिला वर्ज्य आहे, आणि बाकीचे नियम तिचे तिने ठरवलेले असून ते कधी बदलतील याचा आम्हाला आजवर अंदाज आलेला नाही. नवरा, अकरा वर्षांचा मुलगा, आई आणि मी अशा चौघांनी जूनमधले नऊ दिवस भाड्याच्या गाडीने हिंडून काढले.

सुरुवात एडिंबरापासून झाली. तिथल्या किल्ल्यावर रविवार वगळता जवळजवळ रोज दुपारी एक वाजता तोफ डागली जाते. फोर्थच्या खाडीतल्या जहाजांना आपली घड्याळे लावता यावीत म्हणून १८६१ साली सुरू झालेली ही प्रथा जहाजांची गरज संपल्यावरही चालू राहिली आहे. बाराच्या ठोक्याला बारा बार उडवावे लागले असते, एक वाजता एकातच भागते, असा विनोद स्कॉटिश लोक स्वतःच्या काटकसरीवर करतात. आईला तो इतका पटला की तिने तो विनोद म्हणून ऐकलाच नाही.

त्या रात्री रॉयल माइलवरच्या एका पबमध्ये आम्ही हॅगिस मागवले. मेंढीचे काळीज, हृदय आणि फुप्फुसे बारीक करून त्यात ओटाचा भरडा, कांदा, चरबी आणि मिरपूड मिसळायची आणि ते मिश्रण मेंढीच्याच पोटाच्या पिशवीत भरून शिजवायचे, ही त्याची मूळ रीत. आता पिशवी बहुधा कृत्रिम असते. शेजारी पिवळसर सलगम आणि बटाटा, दोन्ही कुस्करलेले. या पदार्थावर रॉबर्ट बर्न्स या कवीने अठराव्या शतकात कविता लिहिली, आणि त्याच्या जन्मदिनी, २५ जानेवारीला, ती म्हणत हॅगिसवर सुरी चालवली जाते. नवरा काट्याने ते नुसतेच उकरत बसला होता. आईने प्राणी कोणता एवढेच विचारले आणि "म्हणजे वजडी-काळीजच की गं, त्यात काय एवढं!" असे म्हणत अर्धी बशी संपवली. मला त्यातला ओटाचा खरबरीत दाणा आणि उशिरा लागणारा मिरीचा ठसका आवडला. मुलाने डाळी आणि बियांचे शाकाहारी हॅगिस घेतले होते. ते जरा कोरडे होते.

पुढे ग्लेनकोच्या दरीत शिरलो तेव्हा ढग डोंगरांच्या कमरेपर्यंत उतरले होते आणि गाडीतून उतरताच मिज नावाच्या बारीक चावऱ्या किड्यांनी आमचा समाचार घेतला. १६९२ च्या फेब्रुवारीत सरकारी सैनिक या दरीतल्या मॅकडोनल्ड लोकांच्या घरी सुमारे दोन आठवडे पाहुणे म्हणून राहिले, त्यांच्याच चुलीवरचे जेवले आणि १३ तारखेच्या पहाटे त्यांनी यजमानांवरच शस्त्र उगारले. ३८ जण मारले गेल्याचे सांगितले जाते. हिमवादळात डोंगरात पळून गेलेले आणखी कितीतरी गारठून मेले. विश्वासात घेऊन केलेला खून हा स्कॉटलंडच्या कायद्यात साध्या खुनापेक्षा भारी गुन्हा मानला जात असे. हे सारे आईला सांगितल्यावर ती बराच वेळ त्या हिरव्या उतारांकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "खाल्ल्या मिठाला जागले नाहीत मेले."

ग्लेनफिननला २१ कमानींच्या काँक्रीटच्या पुलावरून जाणारी वाफेची गाडी पाहण्यासाठी आम्ही टेकडीवर तासभर उभे राहिलो. गाडी दिसली जेमतेम मिनिटभर, पण मुलाच्या मते सहल तिथेच वसूल झाली. स्काय बेटावर पोर्ट्रीत उजेडाने आमचा घात केला. रात्री दहापर्यंत लख्ख दिसत असल्यामुळे आम्ही निवांत फिरत राहिलो आणि जेवायला गेलो तेव्हा स्वयंपाकघर साडेआठलाच बंद झाल्याचे कळले. मग दुकानातून ओटकेक आणि चीज आणून खोलीतच जेवलो. ओटकेक हा केक मुळीच नव्हे. ती ओटाच्या पिठाची पातळ, कडक टिकली असते. आईने ती दाताखाली मोडून पाहिली आणि तव्यावर विसरलेल्या भाकरीचा पापुद्रा अगदी असाच लागतो, असा निर्वाळा दिला. लॉक नेस या सरोवराबद्दल एवढेच लिहिते की ते ३७ किलोमीटर लांब आणि सुमारे २३० मीटर खोल आहे, त्याचे पाणी काळेभोर आहे आणि त्यात राहतो म्हणतात तो राक्षस मुलाला दिसला नाही.

खरा पेच उत्तर किनाऱ्यावरच्या कलन या लहानशा गावात उभा राहिला. तिथले कलन स्किंक हे सूप म्हणजे धूर दिलेला हॅडक मासा, बटाटा आणि कांदा, आणि हे सगळे दुधात शिजवलेले. स्किंक म्हणजे मूळ गुराच्या नडगीचे सूप. किनाऱ्यावर नडगीच्या जागी मासा आला आणि नाव तेच राहिले. नडगी आता त्यात नसते हे मी आईला पटवून दिले, पण तिची अडचण निराळीच होती. "मासा आणि दूध? कोड फुटतं अंगावर!" लहानपणी माशांच्या जेवणानंतर खीर मागितली की आम्हालाही हेच ऐकावे लागे. बाहेर वाऱ्यासह पाऊस झोडपत होता, भांड्यातून वाफ येत होती, आणि शेजारच्या टेबलावर आईच्याच वयाच्या एक बाई शांतपणे तेच सूप पीत होत्या. आईने त्यांच्या हातांकडे आणि चेहऱ्याकडे नीट निरखून पाहिले, काही आढळले नाही, आणि मग चमचा उचलला. पहिला चमचा तिने औषधासारखा घेतला, दुसऱ्यानंतर पाव मागितला, आणि भांडे रिकामे झाल्यावर आम्हाला बजावले की ही गोष्ट मावशीला कळता कामा नये.

परतीच्या वाटेवर आर्ब्रोथला थांबलो. स्कॉटलंडच्या स्वातंत्र्याची मागणी करणारे १३२० सालचे पत्र या गावच्या मठातून पोपकडे गेले होते. मठाचे लाल दगडी अवशेष पाहिले, पण खरी ओढ स्मोकीची होती. डोके काढून साफ केलेल्या हॅडकना मीठ लावायचे, दोन दोन मासे शेपटीशी सुतळीने बांधून काठीवर टांगायचे आणि खाली लाकडे पेटवून, वर ओले गोणपाट टाकून धुरातच शिजवायचे, अशी ती कृती आहे. गावाच्या ८ किलोमीटर परिसरात तयार झालेल्या माशालाच आर्ब्रोथ स्मोकी हे नाव लावता येते. कागदात गुंडाळून हातात आलेला तो मासा गरम होता, त्याची कातडी तांब्याच्या रंगाची झाली होती आणि आतले मांस ओलसर राहिले होते. इथे आईला काहीच विचारावे लागले नाही. तिने बाकावर बसून मासा उघडला, अंगठ्याने मधला काटा डोक्याकडच्या बाजूने सैल करत अख्खा उचलून काढला आणि नातवाला म्हणाली, "बघ, असा काढायचा. काटा मोडला तर मासा नीट शिजलेला नाही." दुसरा मासा मुलाने उघडला, काटा मोडला, आणि दोष माशावर ढकलायची सोय आजीनेच करून ठेवलेली होती.

एडिंबरापर्यंतच्या दोन तासांत गाडीभर त्या धुराचा वास भरून राहिला होता. नवऱ्याने फोर्थच्या पुलावर काच खाली केली, तेव्हा मागच्या सीटवरून आईने थंडीची तक्रार करून ती वर करायला लावली. तिच्या मांडीवर कागदात गुंडाळलेली आणखी एक जोडी होती.