मॉन्ट्रियलच्या कललेल्या मनोऱ्याखाली

आमच्या घरी कॅनडातल्या मॉन्ट्रियलचं नाव निघालं की बाबा गप्प व्हायचे. 1975 साली आपण हॉकीचा विश्वचषक जिंकलो आणि पुढच्याच वर्षी मॉन्ट्रियल ऑलिम्पिकमध्ये, कृत्रिम हिरवळीवर, थेट सातवे आलो. मामेबहीण तिथे स्थायिक झाली तेव्हा मी ठरवूनच टाकलं, त्या ऑलिम्पिकचं स्टेडियम बघायचंच.

ताई मला मेट्रोने पी-नफ स्थानकावर घेऊन गेली. मेट्रोचा हा टप्पा स्पर्धेच्या तोंडावर, 1976 च्या जूनमध्ये सुरू झालेला. बाहेर पडलं की समोरच स्टेडियमचा 165 मीटरचा कललेला मनोरा. लांबून तो डौलदार दिसतो. जवळ गेले तर काँक्रीटवर जागोजागी ठिगळं, वेगवेगळ्या करड्या रंगांची. मी हात लावून पाहिला. एका ठिकाणी कडा सुटून बोटाला खरखरीत वाळू लागली.

तेव्हाचे महापौर ज्याँ द्रापो म्हणाले होते, पुरुषाला मूल होईल तेव्हाच ऑलिम्पिकला तूट येईल. तूट आली, आणि कशी! अवघड आराखडा, कामगारांचे संप, महागाई, शेवटची घाई. स्पर्धा सुरू झाली तेव्हा हा मनोरा अर्धाच उभा होता. तो पुरा व्हायला 1987 उजाडलं. त्याने तोलून धरायचं स्टेडियमचं छप्पर फाटतच राहिलं. दुसरं छप्पर घातलं, तेही 1999 मध्ये बर्फाच्या भाराने फाटलं. आता तिसऱ्यासाठी 87 कोटी कॅनेडियन डॉलर मंजूर झालेत.

कर्ज फेडायला मॉन्ट्रियलच्या क्वेबेक प्रांताच्या सरकारने तंबाखूवर खास कर बसवला. स्पर्धा चालली 16 दिवस. कर्ज फिटलं 2006 मध्ये. गोल आकारामुळे स्टेडियमला लोक ‘बिग ओ’ म्हणतात, पण इंग्रजीत ‘ओ’ (owe) म्हणजे देणं लागणंही. ताईच्या शेजारचे आजोबा संध्याकाळी सांगत होते, "कर सुरू झाला तेव्हा माझी मुलं शाळेत होती. संपला तेव्हा नातवंडं शाळेत होती." हे सांगताना त्यांचा आवाज जड झाला होता. मला फार वाईट वाटलं.

पण सगळंच वाया गेलं असं मी म्हणणार नाही. सायकल शर्यतींच्या बंदिस्त मैदानात आता बायोडोम आहे, म्हणजे वेगवेगळ्या हवामानांतल्या प्राण्या-झाडांचं घर. तिथे काचेपलीकडे पेंग्विन बघत मी अर्धा तास उभी होते. आणि मनोऱ्याच्या पायथ्याचा जलतरण तलाव! ऑलिम्पिकचे पोहणारे जिथे झेपावले, तिथे टोपी घातलेली एक चिमुरडी काठावर पाय घट्ट रोवून उभी होती. पाण्यातली शिक्षिका हात पसरून तिला बोलवत होती. तिसऱ्या हाकेला तिने डोळे मिटून उडी मारली.

परतताना व्हिओ स्थानकावरून मेट्रो पकडली. आमच्या डब्यात ओल्या केसांची चार-पाच पोरं चढली, पाठीवर पोहण्याच्या पिशव्या, सगळीकडे क्लोरीनचा वास.