चिखल लागला की मधूनच जायचं

इथे अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्सच्या जंगलवाटांवर मार्च-एप्रिलमध्ये एक नियम हमखास कानावर येतो. वाटेत चिखल लागला तर कडेने जाऊ नका, सरळ मधून जा, बूट भरले तर भरू देत. "चिखलात पाय घालू नकोस" हे ऐकत वाढलेल्यांना हा नियम उलटाच वाटतो. कारण कळलं की मात्र तो पटतो, आणि मग डोळ्यांसमोर आपल्या टेकड्या येतात.

मॅसॅच्युसेट्समधल्या नेटिक गावातलं ब्रॉडमूर अभयारण्य घ्या. ते मास ऑडुबॉन या संस्थेचं आहे. टोप्यांवरच्या पिसांसाठी चाललेली पक्ष्यांची कत्तल थांबावी म्हणून हॅरिएट हेमेनवे आणि मिना हॉल या दोघींनी १८९६ मध्ये ही संस्था सुरू केली. आत साधारण साडेचौदा किलोमीटर पायवाटा आहेत. कुत्रा न्यायला परवानगी नाही.

हिवाळ्यात इथली जमीन खोलवर गोठते. मार्चअखेर वरचे काही इंच विरघळतात, खाली मात्र दगडासारखा थर तसाच असतो. पाण्याला मुरायला जागाच नसते, म्हणून वाटेवर राबडी होते. चालणारा बूट वाचवायला हातभर बाजूला सरकतो, तिथलं शेवाळ आणि कोवळे कोंब तुडवले जातात, माती दबते. दबलेल्या मातीत पाणी साचतं, म्हणून पुढचा माणूस आणखी हातभर बाहेरून जातो. काही वर्षांत अरुंद वाटेचा रुंद पट्टा होतो आणि झाडांची मुळं उघडी पडतात. मधून चालणारा फक्त आधीच दबलेली जागा तुडवतो. म्हणून एप्रिलमध्ये घोट्याच्या वर येणारे गमबूट घाला आणि गाडीत कोरडे मोजे ठेवा. कायमच्या दलदलीत जमिनीवर आडवे ओंडके ठेवून त्यांवर वाटेच्या दिशेने लांब फळ्या ठोकलेल्या असतात. ओल्या फळीवर टाच आधी टेकली की घसरायला होतं, पूर्ण तळवा टेकवत चालावं.

आता सिंहगडाची पायवाट किंवा वेताळ टेकडी पावसाळ्यात आठवा. एका वाटेला शेजारी चार वाटा फुटतात, गवत जातं आणि पुढच्या पावसात तिथून माती वाहते. हे बघून हळहळ वाटतेच. पण तुलना करताना माणसांचा हिशोबही धरायला हवा. सिंहगडावर रविवारी सकाळी जेवढी माणसं चढतात, तेवढी इथल्या एखाद्या वाटेवर उतरली तर तिचीही तीच गत होईल. आणि जंगल राखणं आपण कुणाकडून शिकलो नाही. आपल्या देवरायांमध्ये पाटी नसते, पहारेकरी नसतो, तरी पडलेली काटकीसुद्धा कुणी घरी नेत नाही. वेताळ टेकडीसाठी २०२३ मध्ये पुणेकर रस्त्यावर उतरलेच की! कमी पडतं ते वाटेचं रोजचं काम : पाण्याला उतार काढून देणं, दोन फळ्या टाकणं, फुटलेला फाटा काट्याकुट्यांनी बंद करणं. त्याला फार पैसे लागत नाहीत.

ब्रॉडमूरमध्ये वाट चुकायची भीती नको. झाडांवर निळी खूण दिसली की आपण आत चाललोय, पिवळी दिसली की परत. पांढरी खूण दोन वाटा जोडणाऱ्या वाटेची.

पण भारतातून आलेल्या आईबाबांना मे-जूनमध्ये न्यायचं असेल तर दोन गोष्टी आधी सांगून ठेवा. पहिली, पॉयझन आयव्ही ही अंगावर उतणारी वनस्पती. एका देठाला तीन पानं, मधल्याचा देठ लांब. झाडावर चढलेली वेल जाड आणि केसाळ दिसते. बिब्बा, काजू आणि आंबा यांच्याच कुळातली आहे ती, आणि बिब्ब्यासारखीच उतते. आंब्याचा चीक ज्यांना बाधतो त्यांनी तर विशेष जपावं. स्पर्श झालाच तर जमेल तितक्या लवकर गार पाणी आणि भांड्यांच्या साबणाने धुवा. तिचं तेल बुटांच्या नाड्यांवरही राहतं, त्याही धुवा.

दुसरी, गोचीड. इथली हरणांवरची गोचीड लाइम रोग पसरवते, आणि तिचं पिल्लू जेमतेम खसखशीएवढं असतं. ती उडत नाही, उड्या मारत नाही. गवताच्या शेंड्यावर पुढचे पाय पसरून वाट बघते. त्यामुळे वाटेच्या मधोमध चालायचं, पायजम्याची टोकं मोज्यांत खोचायची, साडी आणि चपला घरी. परतल्यावर कोरडे कपडे ड्रायरमध्ये पूर्ण उष्णतेवर दहा मिनिटं फिरवा. काखा, गुडघ्यांमागे, कानांमागे आणि केसांत बघा. चिकटलेली सापडली तर टोकदार चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. पिळू नका, तेल लावू नका, जळती काडी तर नकोच. बहुतेक वेळा २४ तासांहून जास्त चिकटून राहिली तरच जंतू अंगात जातात, म्हणून त्याच संध्याकाळी तपासणं महत्त्वाचं.

लाइम रोगाचा चट्टा उठायला ३ ते ३० दिवस लागतात, आणि गव्हाळ किंवा सावळ्या कातडीवर त्याची लाली चटकन दिसत नाही. तोवर आईबाबा घरीही पोहोचलेले असतील. गोचीड काढल्याची तारीख त्यांच्या औषधांच्या डबीत लिहून ठेवा. ताप आला, सांधे दुखले किंवा चट्टा पसरताना दिसला, तर तिथल्या डॉक्टरांना आधी ती चिठ्ठी दाखवायची आणि अमेरिकेत गोचीड चावली होती, हे सांगायचं.